हवा शंभर, साखर एकशेसाठ

मिस्त्रीकाकांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या भिंतीवर काळी पाटी टांगलेली असते. सकाळी साडेपाचला आठ पोरं-पोरी सायकली धरून तिच्यासमोर रांगेत उभी राहतात आणि काका हातात खडू घेऊन एकेकाला विचारत जातात, "हवा?" ज्याने त्याने आपल्या टायरमधली हवा स्वतः मोजून सांगायची. काका आकडा लिहितात, पुढे सरकतात. खारीपाशी आले की मात्र त्यांचे प्रश्न दोन होतात.

"हवा?"

"शंभर."

"साखर?"

"एकशेसाठ."

"चल, नीघ."

काकांच्या लेखी या दोन आकड्यांत फारसा फरक नाही. हवा कमी असेल तर पंप मारायचा, साखर कमी असेल तर चार मनुका खायच्या, आणि आकडा सांगितल्याशिवाय शेडच्या बाहेर चाक काढायचं नाही. एकदा रांगेतल्या एकाने तक्रार केली, "काका, माझी साखर कधीच विचारत नाही तुम्ही." काका मागे वळूनही न बघता म्हणाले, "तुझं स्वादुपिंड फुकटात काम करतंय ना? मग तोवर गप्प बस."

खार हे अर्थातच तिचं पाळण्यातलं नाव नाही. ते ठेवलं जिराफने. जिराफ म्हणजे तिच्याच वयाची, तिच्याहून वीतभर उंच, तिची जिवलग मैत्रीण आणि शर्यतीत तिची सगळ्यात मोठी डोकेदुखी. पहिल्याच लांब फेरीत जिराफने पाहिलं, की ही नवी मुलगी चढावर दम लागलेला असतानाही एका गालात काहीतरी धरून बसली आहे. "काय गं, खारुताई, हिवाळ्याची सोय का?" असं तिने विचारलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'खार' बसलं. नाव चपखल होतं. हिच्या कंपासपेटीत मनुका, उशीखाली ग्लुकोजच्या गोळ्या, बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काचांच्या खणामागे रसाचा छोटा डबा. बाबा गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवायला खण उघडत आणि कधी कधी फ्रेमऐवजी बिस्किटांचा पुडा हातात येई. "हे दूरचं बघायला नाही, जवळचं बघायला," असं म्हणून ते तो परत ठेवत.

अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. त्याआधीचा महिनाभर ती तांब्यावर तांबे पाणी पीत होती, रात्रीतून चारदा उठत होती आणि तिचे कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसू लागले होते. आईला वाटलं, वाढीचं वय आहे. आई शाळेत गणित शिकवते. आपल्याला महिनाभर समोरची बेरीज दिसली नाही, हे तिच्या मनाला जे लागलं ते लागलंच. दवाखान्यात डॉक्टरीणबाई इन्सुलिन म्हणजे काय, ते आता रोज का टोचावं लागेल, हे समजावत होत्या आणि आई वहीत लिहून घेत होती. पलंगावरून खारीने एकच प्रश्न विचारला, "सायकल चालवता येईल ना?"

"येईल की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त निघण्याआधी दोघींना तपासायचं. सायकलला आणि तुला."

त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत खार पुष्कळ काही शिकली. सपाटीवर तासभर दामटलं तर साखर किती उतरते, चढावर किती, सरावानंतर संध्याकाळी ती गुपचूप कशी घसरते, शर्यतीच्या सकाळी नुसत्या धडधडीने ती कशी चढते आणि घाम फुटला की आपली आपण कशी खाली येते, हे तिला पुस्तकाइतकंच पाठ झालं. कमी झाली की तिला आधी कळतं ते ओठांवरून. ओठांना बारीक मुंग्या येतात. जास्त झाली की जीभ टाळूला चिकटते आणि सगळ्या जगाचा राग येतो. जिराफ म्हणते, की सगळ्या जगाचा राग हिला एरवीही येतो, त्यामुळे त्या खुणेचा काही उपयोग नाही.

आईही शिकली, पण आईचं शिकणं वेगळं. तिने चौकटीच्या कागदावर आलेख काढले. कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. आकडा हे तिचं दैवत. खार म्हणायची, "मला बरं वाटतंय," की आई म्हणायची, "वाटण्याला काय अर्थ आहे? आकडा सांग." रोज पहाटे तीनला ती उठायची, खारीच्या दंडावर लावलेल्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवरून फोन फिरवायची आणि आकडा बघून परत झोपायची. निदान झोपल्यासारखं करायची.

तर अशा या घरात त्या वर्षी एक कागद आला. राज्याच्या संघटनेने सहा आठवड्यांचं शिबिर ठेवलं होतं, तीनशे किलोमीटर लांब, वसतिगृहात राहून. काकांच्या शेडमधून दोघींची निवड झाली होती, जिराफची आणि खारीची. जिराफच्या वडिलांनी कागदावर उभ्या उभ्या सही केली. खारीचं वय सतरा, म्हणजे पालकांची सही हवीच, आणि तिचा कागद आठ दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीखाली पडून होता.

"रात्री कोण बघणार तुझ्याकडे?" आई म्हणायची.

"साखर खाली गेली तर सेन्सर ओरडतो, आई. मुडद्यालाही जाग येईल असा ओरडतो."

"आणि तू नाही उठलीस तर?"

"खोलीत जिराफ आहे."

"तिला भूकंप झाला तरी जाग येत नाही, तिच्या आईनेच सांगितलंय मला."

बाबांनी मध्ये तोंड घालून पाहिलं. "अगं, कॉलेजला जाईल तेव्हा काय करशील? तिच्या पलंगाखाली राहशील?"

"राहीन," आई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

शेवटी ठरलं असं, की रविवारची मोसमातली शेवटची शर्यत होऊ दे, मग बघू. 'मग बघू'चा अर्थ घराघरांत सारखाच असतो. पण सोमवारी कागद पोचवायचा होता आणि खारीने मनाशी गणित मांडलं होतं. सबंध मोसमात तिचे गुण सगळ्यांत जास्त होते, जिराफहून चारच वर. रविवारी पहिल्या तिघींत आली की मोसमाचा चषक तिचा. आईसमोर चषक ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, आता तरी. याहून मोठा पुरावा कुठून आणायचा?

रविवारी कालव्याच्या कडेचा रस्ता गाड्यांना बंद होता. शर्यतीत एकेकट्याने सायकल मारायची होती. एकेका मिनिटाने एकेक जण सुटतो, दहा किलोमीटर जायचं, वळसा घालून परत यायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. गुणांत जो सगळ्यांत पुढे तो सगळ्यांत शेवटी सुटतो. खारीची वेळ होती आठ पन्नासची, आणि ते सव्वासातलाच पोचले, कारण आईला वेळेवर पोचणं म्हणजे उशीर वाटतो.

पहिला घोळ घरूनच सोबत आला होता. पहाटे घट्ट जर्सी अंगात चढवताना दंडावरचा सेन्सर उचकटून हातात आला. नवा लावला तरी त्याला सुरू व्हायला वेळ लागतो. म्हणून जुना मीटर, पट्ट्या आणि टोचणी बरोबर घेतली. निघताना घरी मोजली तेव्हा साखर एकशेपन्नास होती. मोठी गोड सकाळ, असं बाबा म्हणाले होते.

काका पंचांकडे क्रमांक आणायला गेले. बाबा टेम्पोतून सायकल उतरवत होते. खार घडीच्या खुर्चीवर बसून बुटांचे पट्टे आवळत होती आणि आई शेजारी संत्रं सोलत होती, कोणी मागितलं नव्हतं तरी. काळजी वाटली की आईचे हात काहीतरी सोलू लागतात.

"मोजून घेऊ एकदा," आई म्हणाली.

"मोज."

खारीने बुटावरून नजर न हलवता डावा हात पुढे केला. लहानपणची सवय. अकराव्या वर्षी आई असंच तिचं बोट धरायची, अंगठ्याने दाबून रक्त वर आणायची आणि टोचायची. आता खार स्वतः टोचून घेते, पण शर्यतीच्या दिवशी दोघींनाही जुनं काही करावंसं वाटत असावं. आईने बोट धरलं, दाबलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंद गेले.

"तीनशे बावन्न."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. खारीनेही वाकून पाहिलं. आकडा खरंच तोच होता.

"काहीतरी गडबड आहे," खार म्हणाली. "मला तसं वाटत नाहीये. तोंड कोरडं नाही, काही नाही."

"वाटण्याला काय अर्थ आहे? शर्यतीच्या सकाळी चढते, तूच म्हणतेस."

"इतकी नाही चढत."

"मोसमातली शेवटची आहे. चढली असेल." आईचं गणित एव्हाना सुरूही झालं होतं. "अडीचशेच्या वर असेल तर तुला शर्यतीत उतरता येत नाही. तीनशे बावन्नमधून दीडशे गेले, दोनशे राहिले, एका युनिटला पन्नास उतरते, भागिले पन्नास. चार युनिट. दीड तास आहे हातात."

दुसरा कुठला दिवस असता तर खार म्हणाली असती, थांब, पुन्हा मोजते. डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षांत शंभरदा सांगितलं होतं, की आकडा आणि अंग यांचं पटत नसेल तर पुन्हा मोजायचं. पण समोर आईचा चेहरा होता, पलीकडे पहिले स्पर्धक रेषेवर जमू लागले होते आणि या घडीला आईशी वाद नको, सोमवार उद्यावर आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"तीन," ती म्हणाली. "सायकल चालवायचीय, तीन पुरे." आणि इन्सुलिनचं पेन काढून पोटात तीन युनिट टोचून मोकळी झाली.

पंधरा मिनिटांनी साखळीला तेल द्यायला म्हणून ती उठली, हात बरबटले, म्हणून नळावर जाऊन साबणाने खसाखसा धुतले. परत येताना बोटं पुसता पुसता तिच्या मनात आलं, की हात धुतलेच आहेत तर एकदा बघावं. मीटरवर आकडा आला एकशे त्रेचाळीस.

तीनशे बावन्नचे पंधरा मिनिटांत एकशे त्रेचाळीस कुणाचे होत नाहीत. तिने आईकडे पाहिलं. आईच्या मांडीवर कागदात संत्र्याच्या साली होत्या आणि तिचा अंगठा अजून ओलसर चमकत होता. खारीला सगळं एकदम कळलं. मीटरने रक्तातली साखर मोजलीच नव्हती, संत्र्याची मोजली होती.

आणि पोटात तीन युनिट होते. ते आता कुणालाही परत काढता येणार नव्हते. बसून राहिली तरी ते तिला खाली ओढणार होते, आणि वीस किलोमीटर जीव तोडून पायडल मारलं तर ओढणार नव्हते, ढकलून देणार होते.

ती खुर्चीवर बसली. ग्लुकोजच्या चार गोळ्या चावून खाल्ल्या. मग एक केळं सोलून शांतपणे संपवलं. मग उठून काकांकडे गेली. काका तिचा क्रमांक पाठीला लावायच्या पिना दातांत धरून येत होते.

"काका, मी नाही सुटणार आज."

काकांनी पिना हातात घेतल्या. "काय झालं?"

तिने चार वाक्यांत सांगितलं. काकांनी घड्याळ पाहिलं, रेषेकडे पाहिलं. "पंचांशी बोलून बघू? थोडं मागे ढकलतील. खात-खात गेलीस तर?"

"अजून तीन तास तरी ते अंगात राहणार. मी पुढच्या टोकाला, कालव्याच्या कडेला, एकटी. बरोबर कुणी नाही." तिने सायकलकडे बोट दाखवलं. "हवा नसलेल्या टायरवर तुम्ही सोडाल का मला?"

क्रमांकाचा कागद काकांनी घडी करून खिशात ठेवला आणि तिच्या डोक्यावर एक हलकीशी टपली मारली. "जा, बस. मी सांगतो त्यांना."

ती वळली तेव्हा आई मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझं चुकलं," खार घाईने म्हणाली. "हात न धुता टोचू दिलं मी."

"टोचलं मी," आई म्हणाली. "रस माझ्या बोटांवर होता. मी विचारलंही नाही तुला. तू म्हणत होतीस, गडबड आहे." ती आपल्या अंगठ्याकडे असं बघत होती, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. "आकडा बघितला आणि माझं डोकं बंद झालं."

"चालतं गं."

"चालत नाही."

मग खार टेम्पोच्या मागच्या बाजूला गेली आणि पाच मिनिटं रडली. तिला कुणी अडवलं नाही. आई दोन पावलं त्या दिशेने गेली, तेवढ्यात बाबांनी तिचा पदर नाही, पण पर्स धरून तिला मागे ओढलं. "राहू दे. तिला येऊ दे."

खार आली ती तोंड धुऊन. काकांना पाण्याच्या टेबलावर माणूस हवंच होतं, तिथे ती जाऊन बसली. समोर बाटल्यांच्या रांगा, शेजारी मीटर. दर पंधरा मिनिटांनी ती हात धुवायची, टोचायची, बघायची आणि जे लागेल ते खायची. एकशे अठरा. सत्त्याण्णव. रसाचा डबा. एकशे चार. मग एकदा ब्याऐंशी आलं आणि ओठांना मुंग्या आल्या. तिने आणखी चार गोळ्या आणि बिस्किटं खाल्ली, आणि टेबलावर हात टेकून नुसती बसून राहिली. घामाने कपाळ ओलं झालं होतं. दहा पावलांवर आई खुर्चीवर बसली होती, दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. तिने एकदाही आकडा विचारला नाही. बाबा नंतर म्हणाले, की बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला इतका वेळ इतकी गप्प पाहिली नव्हती, आणि त्यांना खरी भीती तिचीच वाटली.

पाऊण तासाने आकडा एकशे एकतीसवर येऊन टेकला. खार मान वर करून म्हणाली, "आई, एकशे एकतीस."

"मी विचारलं नव्हतं," आई म्हणाली आणि डोळे पुसले.

शर्यत जिराफने जिंकली आणि मोसमाचा चषकही तिच्याकडे गेला. ती घामाने निथळत पाण्याच्या टेबलाशी आली, दोन बाटल्या घशाखाली उतरवल्या आणि चषक बाटल्यांच्या मध्ये आदळला.

"तू नव्हतीस तर काही मजा नाही आली," ती म्हणाली. मग क्षणभर विचार केला. "खोटं बोलले. फार मजा आली. पण पुढच्या वर्षी तू ये, नाहीतर लोक म्हणतील, खार नव्हती म्हणून मिळाला."

"म्हणतीलच. मीच सांगत फिरणार आहे."

"सांग. मला अर्धं बिस्किट दे आधी."

घरी जाताना टेम्पोत खिडकीला डोकं टेकून खारीला झोप लागली आणि आईने तिला उठवून आकडा विचारला नाही, हे बाबांनी आरशात दोनदा पाहिलं.

जेवणं झाल्यावर आईने मिठाची डबी बाजूला सरकवली. कागद ओढून घेतला, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. खार भांडी पुसत होती. तिने फडकं हातात तसंच धरलं.

"आज तू सुटली असतीस तर मी सही केली नसती," आई कागदाकडे बघत म्हणाली. "चषक घेऊन आली असतीस, तरी नसती केली. हे मला आत्ता कळतंय."

"मला दुपारीच कळलं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला सगळंच दुपारी कळतं." आईने कागद उलटा केला. मागे एक रिकामी चौकट होती. प्रकृतीविषयी काही सूचना असल्यास. आईने पेन टेकवलं, परत उचललं आणि कागद टेबलावरून खारीकडे सरकवला. "हे तूच लिही. मला वाटायचं, मला सगळं येतं."

खार हात पुसून बसली. भराभरा पाच ओळी लिहिल्या. इन्सुलिन कुठे ठेवायचं, गोळ्या कुठे असतील, बेशुद्ध पडले तर तोंडात काही न घालता कुठली सुई द्यायची, कुणाला फोन करायचा. मग थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली.

आईने कागद घेऊन मोठ्याने वाचला. "मी विनाकारण भांडू लागले तर आधी चार गोळ्या द्याव्यात आणि मग भांडावं." तिने चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुझी साखर बरोबर असेल, नुसतीच भांडत असशील तर?"

"तरी द्याव्यात. चार गोळ्यांनी काही बिघडत नाही, आणि भांडण तेवढा वेळ थांबतं."

"फोन रोज दोनदा," आई म्हणाली.

"एकदा."

"दोनदा. एकदा तू बोलायचं, एकदा मी नुसतं ऐकायचं."

"तू नुसतं ऐकणार?"

"प्रयत्न करीन," आई म्हणाली आणि सही केली.